नवसीचं झाड

दादू, टेम्पो लाव बाजूला, विटा काय पळून जात नाय. चहा येईतो एक गोष्ट सांगतो. तू वीटभट्ट्या फिरणारा माणूस, तुलाच सांगायची हाय.

आपल्या मासवणच्या शाळेत जूनमध्ये अर्चनाबाई आल्या ना, त्यांची. बाई जळगावकडच्या, नवरा अक्षय बोईसरला कंपनीत. इकडचं काय ठावं नाय, पण शिकवायची हौस दांडगी. दिवाळीच्या सुट्टीत पोरं पुस्तक उघडत नाय, म्हणून बाईंनी मोबाईलवर एक खेळ काढला. दारातलं एक झाड धरायचं. रोज त्यालाच बघायचं, फोटो टाकायचा नि एक प्रश्न विचारायचा. उत्तर बाई देणार नाय. ते पोरांनी शोधायचं, आजीला विचारून, पान फाडून, कसंपण.

पयला फोटो टाकला जिव्याच्या पोरीने, नवसीने, बापाच्या मोबाईलवरून. सागाचं झाड. "बाई, किड्याने पानाची जाळी केली, पण शिरा खाल्ल्या नाय. का?" बाई इतक्या खूश, जेवता जेवता नवऱ्याला दाखवला.

मग चार दिवस काय नाय. नंतर फोटो आला तो बाभळीचा. "हिच्यावर सगळी लाल धूळ. ही श्वास कुठून घेते?"

बाईंना वाटलं, पोरीने कंटाळून कोणाचा तरी फोटो ढापला. लिहिलं, "हे तुझं झाड नाही. तुझ्याच झाडाचा पाठव, नाहीतर पाठवू नकोस."

पोरीने पाठवला नाय.

शाळा उघडली, नवसीची जागा रिकामी. बाईंनी विचारलं तर वर्गातला कमलेश बोलला, "ती भट्टीवर गेली, बाई. भात झोडून झालं का जातातच."

"मग मला सांगायचं ना तिने."

"काय सांगणार? साग डोक्यावर घेऊन जाईल काय?"

पोरं हसली. बाईपण हसल्यासारख्या झाल्या. फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, परत तीच लिहिली.

दुपारी मेसेज टाकला, "नवसी, असशील तिथलं झाड चालेल." एकच टिक. जिव्याचा मोबाईल बंद. तो कुठल्या भट्टीवर गेला, गावात कोणाला नक्की ठावं नाय.

पालघरच्या ट्रेनिंगला सायबांनी बाईंचा खेळ सगळ्या मास्तरांना दाखवायला लावला. पडद्यावर नवसीचा साग आला, टाळ्या पडल्या. बाईंना त्या शेजारच्या खोलीतून आल्यासारख्या वाटल्या. घरी अक्षय बोलला, "अगं, भाजी जळतेय." "हो का," बोलल्या, नि तशीच ढवळत राहिल्या. रडू नाय, राग नाय. फक्त मोबाईल उघडायचा, टिक बघायची, ठेवायचा.

बाभळीचा प्रश्न बाईंनी दुसऱ्या पोरांना दिलेला नाय अजून. तो तिचा हाय बोलतात.

तर दादू, कुठल्या भट्टीवर मासवणच्या जिव्याचं बिऱ्हाड दिसलं, तर विटा भरायच्या आधी नवसीला हाक मार. सांग, बाभूळ चालते. नि तुझा मोबाईल घडीभर तिच्या हातात दे.