गंजलेल्या म्यानातली संगीन

बंदुकीच्या नळीच्या टोकाला जे पातं लावतात ना मित्रांनो, ती मी, संगीन. आता बंदूक नाही, नळी नाही, आणि माझं पातंही कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. पारनेर तालुक्यातल्या एका घरात, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला मी लोखंडी म्यानासकट टांगलेली आहे. या म्यानात मी अडकले आहे.

तसं आमचं घराणं मोठं. फ्रान्समधल्या बायोन नावाच्या गावावरून आम्हाला ‘बायोनेट’ हे इंग्रजी नाव मिळालं, असं म्हणतात. माझ्या खापरपणजीची मूठ लाकडी होती आणि ती बंदुकीच्या तोंडातच बुचासारखी ठोकून बसवत. बंदुकीचा भाला होई खरा, पण बूच बसलं की गोळी सुटायची नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी शिपायाची गत! मग कुणा शहाण्याने पात्याला गोल कडं जोडलं. कडं नळीभोवती बसलं आणि नळीचं तोंड मोकळं राहिलं. माझ्या मुठीपाशीही तसंच कडं आहे, मागे खटका आहे. पात्यावर एक लांब पन्हळ आहे. ती रक्त वाहून जायला असते, अशी थाप पोरं एकमेकांना मारतात. तसं काही नाही. वजन कमी व्हावं आणि पातं मजबूत राहावं, एवढ्यासाठी ती असते.

बंगालमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी हनुमंत हवालदारांच्या कमरेला आले. परेडच्या मैदानात ते आरोळी ठोकून धावत आणि मी गवत भरलेल्या पोत्यात मुठीपर्यंत शिरत असे. माणसाच्या अंगाला मी कधी लागले नाही. सरहद्दीवरच्या थंड ठाण्यावर दुधाचे डबे मात्र पुष्कळ फोडले. पुढे नव्या बंदुका आल्या, आमची गरज संपली. हवालदार पेन्शनीवर निघाले तेव्हा सोबत्यांनी मला त्यांच्या हातात भेट म्हणून ठेवलं. मला वाटलं, चला, आता म्हातारपण सुखाचं!

खंडेनवमीला आमच्या घरी विळे, खुरपी, कोयते, सगळं धुऊन मांडतात. मला मधोमध मान असे. पूजा झाली की हवालदार मला म्यानातून काढत, फडक्याने कोरडी करत, तेलाचा हात फिरवत. मग ते गेले. त्यांच्या बायकोने, कडूबाईंनी, पूजा सोडली नाही, उलट वाढवली. पण उघडं हत्यार घरात रगत मागतं, असं त्यांच्या माहेरी मानत. म्हणून त्या मला बंदच ठेवत आणि बंद म्यानावरच तांब्याभर पाणी, वर दूध, हळद, कुंकू वाहत. ते सगळं म्यानाच्या तोंडातून आत झिरपे. बाहेर उदबत्तीचा वास आणि आत माझ्या अंगाला गंज. भक्ती खरी होती हो, पण तिनेच मला कोंडलं! दर वर्षी मला वाटायचं, या खेपेला तरी कुणीतरी मला ओढेल. कुणाच्या तरी हाताची मी वाट पाहत होते.

शेवटी हात आला. पण कसा!

कडूबाईंना दोन मुलं, थोरला बन्सी आणि धाकटा रविराज. जमीन वाटली गेली, विहीर एकच राहिली. पाणी पाळीने घ्यायचं. त्या दिवशी पाळी रविराजची, त्याचा कांदा माना टाकत होता आणि विहिरीवर मोटार चालू होती बन्सीची. अंगणात आवाज चढले. शेवटी रविराज ताडताड घरात आला आणि त्याने खिळ्यावरून मला खेचलं.

"आज ह्याला सोडत न्हाई!"

एका हातात म्यान, एका हातात मूठ. काय ती ताकद! खटक्यापाशी काहीतरी कुरकुरलं. मी केसभर सरकले. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. मग दारात बन्सी दिसला, त्याचं उघडं पोट दिसलं, आणि मी मनात ओरडले, गंजा, सोडू नकोस रे! मला बाहेर जाऊ देऊ नकोस!

रविराजने गुडघ्यात धरून पुन्हा हिसका दिला. मी हलले नाही.

बन्सी पळाला नाही. "मला माराया काडतोस व्हय रं?" तो हळूच म्हणाला. "मला?"

रविराजच्या हातातून मी गळून पडले. कडूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबाईंनी वेल्डिंगवाल्या अमृतला बोलावलं. त्याने मला उलटंसुलटं केलं. "मावशी, चार दिस डिझेलमधी बुडवा, आपसूक सुटंल. पोलाद लई झ्याक हाय."

मित्रांनो, माझ्यासाठी कुणी इतकं गोड कधी बोललं नव्हतं. उजेड, वारा, तेलाचं फडकं, सगळं चार दिवसांवर! कडूबाईंनी रविराजकडे पाहिलं. "तू सांग," त्या म्हणाल्या.

रविराजने म्यानाच्या तोंडावर बोट ठेवलं. "सोडवू नगं," तो अमृतला म्हणाला. "तोंडाला येल्डिंगचे टाके मार. पक्कं."

"मग दोन्हीकडनं धरा कुनीतरी," अमृत म्हणाला.

मूठ रविराजने धरली. दुसरं टोक धरायला म्हाताऱ्या कडूबाईंशिवाय कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे उभा असलेला बन्सी आत आला, ओलं गोणपाट गुंडाळून त्याने म्यान धरलं.

आता मी कधीच बाहेर येणार नाही. दुःख होतं, खोटं कशाला सांगू? तुमच्या घरी हत्यार असेल तर ते पुसा, कोरडं ठेवा, पाणी घालून पुजू नका. आणि राग आलेला असताना त्याच्या खिळ्याकडे बघूही नका. प्रत्येक घरातलं हत्यार माझ्यासारखं गंजलेलं नसतं.

ठिणग्या उडाल्या. लोखंड तापलं, गोणपाटातून वाफ निघाली. दोघा भावांनी तोंडं फिरवली, पण कुणीही हात सोडला नाही.