सासूबाईंनी राखलेला पासवर्ड

एक दिवस माझ्या नवऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं. म्हणे आपले फोटो, कागदपत्रं, निरोप, सगळं परक्या कंपन्यांच्या ताब्यात आहे. आता आपला सर्व्हर आपल्याच घरात. बुटांच्या खोक्याएवढं ते यंत्र माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खणात बसलं. स्वेटर गेले पलंगाखाली. घरातल्या सगळ्या फोनमधलं होतं नव्हतं ते त्याने यंत्रात भरलं आणि फोन कोरे करून टाकले.

त्यात सासऱ्यांचा आवाजही गेला. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा नऊ सेकंदांचा एकच निरोप उरला होता आणि सासूबाई रोज संध्याकाळी सहाला बाहेरच्या खोलीत एकट्या बसून तो ऐकायच्या. तेवढा वेळ आम्ही आत थांबायचो.

मंगळवारी दुपारी वीज गेली, आली, आणि यंत्र पासवर्ड मागायला लागलं.

"टाक ना मग," मी म्हटलं.

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मुद्दामच नाही. उद्या मला कुणी धरून नेलं, दरडावून विचारलं तर?"

"तुला कोण धरून नेतंय रे! चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतोस तू!"

पासवर्ड म्हणे आईने ठरवला, आईनेच टाकला, आणि हा पाठ फिरवून उभा होता. कंपन्यांना आईचा संशय यायचा नाही ना! मी कपाळावर हात मारून घेतला.

सासूबाई आल्या, बोट उगारलं आणि ते तसंच राहिलं. "विसरले गं," म्हणून हसल्या. मग सहाची आठवण झाली आणि चेहरा एवढासा झाला. दोन अंदाज चुकले. तिसरा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकणार, ही सोयही नवऱ्याचीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, कुठे लिहून ठेवलाय का?"

"घरात? छे! चिठ्ठी खालच्या मजल्यावरच्या, त्या दातांच्या डॉक्टरणीला दिलीये. दाराखालून सरकवली."

मी बघतच राहिले. जिन्यातल्या कुंडीवरून दोघींचं बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून एक शब्द नाही.

"म्हणून तर तिला दिली," सासूबाई म्हणाल्या. "हटवादी आहे, पण मेली तरी बोलायची नाही."

मी खाली धावले. डॉक्टरणीने दार बोटभर उघडलं. "ज्यांची चिठ्ठी, त्यांनी मागावी."

शेवटी सासूबाई नाक मुठीत धरून उतरल्या. "ती चिठ्ठी..." एवढंच म्हणाल्या.

"फाडली. पाठ आहे."

डॉक्टरणी हातमोज्यांसकट वर आली. नवरा वाकून बघायला लागला, तशी तिने कीबोर्डवर हात आडवा धरला. "मागे व्हा. कुणाला सांगू नका, असं लिहिलं होतं त्यांनी."

यंत्र उघडलं. सहाच वाजत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही सगळ्यांनी तो निरोप ऐकला.

"अगं, मी दाराशी उभा आहे. किल्ली विसरलो. उघड ना."

सासूबाई उठल्या आणि बाहेरचं दार उघडून आल्या. रोज सहाला कडी का वाजते, ते मला तेव्हा कळलं. नवऱ्यावर ओरडायचं राहूनच गेलं. रडू आलं मला.

दार आपल्यासाठीच उघडलं, असं वाटून डॉक्टरणी निघाली.

"तुमच्यासाठी नाही हो ते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."