गौरम्माचा आड

त्या साली पाऊस रुसला. मुरुडातल्या विहिरींनी तळ दाखवला, पण गौरम्माच्या अंगणातला आड काही आटला न्हाई. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन तिच्याकडं येऊ लागल्या. नवरा गुरुपादप्पा गेल्यापासून मुकं पडलेलं घर बोलतं झालं. गौरम्मा उंबऱ्यात बसून सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारी.

मग पोरांना जुलाब लागले. गल्लीतल्या सिंधूचं लेकरू तर पार सुकून गेलं. नव्या लातूर जिल्ह्याचे आरोग्य निरीक्षक भुजंगराव आले. आडातलं पाणी तपासायला नेलं, अन् परत आले ते थेट तिच्या अंगणातल्या संडासाच्या टाकीपाशी.

"मावशी, ही टाकी कुणी बांधली?"

"मालकांनी. आजारपणात त्यांना बाहेर जायला व्हईना, म्हणून."

"गेल्या साली ओढ्याचा पूर आत शिरला, तवा तडा गेलाय. घाण आडात झिरपत राहिली. आडाजवळ टाकी चालत न्हाई, नियम हाय."

"टाकी बुजवते, साहेब. आड तेवढा राहू द्या."

"बुजवा. पण एक पावसाळा जाईस्तोवर पाणी पिऊ नका."

त्यांनी आडावर फळ्या ठोकल्या. गौरम्मानं टाकी उपसून मुरमानं भरून घेतली. त्या कोपऱ्यापर्यंत नवऱ्याला धरून नेताना त्याचा सगळा भार तिच्या खांद्यावर यायचा. आता तिथं तिचं पाऊल थबकायचं.

अंगणात कुणी फिरकेना. बायका टँकरकडं जाताना मान वळवून निघून जात. शेवटी तीच सिंधूच्या दारात गेली.

"लेकरू कसं हाय गं?"

"बरं हाय आता." सिंधूनं बसा म्हटलं न्हाई. मग हळूच म्हणाली, "मावशी, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण पाय उचलत न्हाई तिकडं."

गौरम्मा माघारी फिरली.

पुढल्या साली पाऊस पडला. भुजंगरावांनी पाणी पुन्हा तपासलं, फळ्या काढल्या, स्वतः पेला भरून प्यायले. गौरम्मानं दोन सकाळी अंगण सारवून वाट पाहिली. पण तोवर चौकात हापसा बसला होता.

तिसऱ्या सकाळी तिनं घागर उचलली अन् चौकात गेली.

"मावशी, तुमचा आड भरलाय की!" कुणीतरी म्हणालं.

"भरलाय," ती म्हणाली अन् रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.