'चाललो घर सोडून'चं पुढे काय झालं

काट्याने बत्तिसाव्या वर्षी पहिला अल्बम काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'चाललो घर सोडून'. केस जेल लावून उभे करायचा, म्हणून मित्र त्याला काट्या म्हणत. जेल आई आणून द्यायची. बँड पॉप-पंक होता, म्हणजे गिटार कर्कश, चाली गोड आणि राग आईबापांवर. तालीम चालायची ती वडिलांच्या टाइल्सच्या गोदामात.

अल्बममधल्या प्रत्येक गाण्यात एक मुलगा या मेलेल्या गावाला लाथ मारून निघतो. शेवटच्या गाण्यातही तो निघतच असतो.

ड्रमवाल्याचा मेव्हणा संगीतसमीक्षक होता. त्याने लिहिलं, 'पॉप-पंकच्या पहिल्या पिढीचा भाबडा संताप आणि दुसऱ्या पिढीचं जखमी शहाणपण यांना जोडणारा हा पूल आहे. इतकं प्रामाणिक पदार्पण या प्रकारात झालेलं नाही.' काट्याने ते तोंडपाठ केलं. वडिलांच्या दुकानात आलेल्या एका जोडप्यालाही ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि फिकट निळ्या टाइल्स घेतल्या.

आईने भांडी घासता घासता अख्खा अल्बम ऐकला, मग वडिलांना बोलावून पुन्हा लावला.

"पोराच्या मनात एवढं साचलं होतं आणि आपल्याला पत्ता नाही," ती डोळे पुसत म्हणाली.

"या भिंती मला खातात, म्हणतोय," वडील म्हणाले. "आता अडवायला नको त्याला."

बाहेरगावचे दोन-चार कार्यक्रम करून काट्या परतला, तेव्हा त्याच्या खोलीत एक नर्स कपाट लावत होती. त्याची पोस्टर्स गुंडाळून जिन्याखाली ठेवली होती.

"या आपल्या भाडेकरू," आई म्हणाली. "रात्रपाळी करून आल्यात. हळू बोल."

"आई, माझी खोली?"

"तूच म्हणालास ना, चाललो म्हणून."

"अगं, ते गाणं आहे. पॉप-पंकमध्ये सगळेच घर सोडतात. तो प्रकारच तसा असतो."

"मग ते सगळे गेले ना?"

काट्याने खिशातून परीक्षण काढून वाचून दाखवलं. वडिलांनी मन लावून ऐकलं. "प्रामाणिक, असं लिहिलंय बघ. आता तू माघार घेतलीस, तर त्या बिचाऱ्याचं तोंड काळं होईल."

काट्या ड्रमवाल्याकडे राहायला गेला. तिथे बाहेरच्या खोलीत सोफा होता आणि त्यावर समीक्षक होता. तो बहिणीकडे चार दिवसांसाठी आला होता, त्याला तीन वर्षं झाली होती. काट्याला खाली जमिनीवर जागा मिळाली. सकाळी बाथरूमसाठी रांग, मग भांड्यांवरून वाद. समीक्षक विचारात असल्यामुळे भांडी काट्याच घासायचा.

तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरं गाणं लिहिलं. एक पाहुणा सोफ्यावरून उठतच नाही, एवढाच विषय. चाल झकास जमली.

समीक्षकाने लिहिलं, 'बँडने पॉप-पंकशी गद्दारी केली आहे. बंड संपलं, उरला फक्त वैयक्तिक आकस.'

ड्रमवाल्याच्या बायकोने ते वाचलं नाही. तिने झाडू घेतला आणि भावाला पाय वर घ्यायला सांगून, ते गाणं मोठ्याने म्हणत सोफ्याखालून केर काढायला लागली.