चुन्यावरची पावलं

आमची वाडी टेकडीवर, विहीर पायथ्याला. पंचावन्न साली सरकारी ओव्हरसियर आला. सकाळी उतारावर चुना भुरभुरायचा आन् सांजच्याला त्यात उमटलेली पावलं मोजायचा.

"सायेब, पावलं कशापायी मोजताय?" मी इचारलं.

"दुर्गाबाई, जिथून जास्त माणसं जातात, तिथंच पायऱ्या बांधायच्या."

मला काय ते पटलं न्हाई. पिंपरीकडं अशीच गोड बोलून मोजणी झाली आन् माझ्या भावाचं शेत गेलं. हितली रोजची वाट तर माझ्याच परड्यातनं जायची. मी शेजारच्या रहमतबीला आन् समद्या बायांना बजावलं, आठ दिस ओढ्याकडच्या खड्या चढणीनंच पाणी आणा. बिचाऱ्यांनी आणलं.

ओव्हरसियरनं पावलं मोजली आन् त्या चढणीलाच शंभर पायऱ्या बांधल्या. लागणारा दगड त्यानं माझ्या परड्याखालच्या जुन्या वाटेवर सुरुंग लावून काढला; ती वाटच मोडली. तिथनं कुणी जातच न्हाई, असं त्याच्या वहीत लिवलेलं.

आता डोईवर हंडा घेऊन चढताना मी ओव्हरसियरला शिव्या घालते. मागनं येणारी रहमतबी मला घालते.