डावीकडची खुर्ची

ताटलीवर चमचा खरखरला. भात संपला होता, म्हणजे उजवीकडचा. डावीकडचा भात, भाजी, सगळं जसंच्या तसं, मधोमध कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी तसं.

"आज फारच हात आखडता घेतलास गं," नवरा म्हणाला.

तिने उठून ताटली अर्धी फिरवली.

"हां, आता कसं." तो पुन्हा खाऊ लागला.

पक्षाघाताच्या झटक्याला तीन महिने झाले होते. डावा हात मांडीवर पडून असे. डोळे धड होते, पण डावीकडचं जगच त्याच्या लेखी उरलं नव्हतं.

ती परत आपल्या खुर्चीत बसली, त्याच्या डावीकडे. पुढ्यात शालेय शब्दकोशाची तपासायची मुद्रितं होती. लेक जेवून उठेपर्यंत एखादं पान तपासून झालं तर झालं.

"कुठवर आलीस?" त्याने उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं.

"हेमि."

"म्हणजे?"

"अर्धा. ग्रीक आहे, शब्दाच्या आधी लागतो. संस्कृतातला 'सामि' त्याचा भाऊ लागतो म्हणे."

"ग्रीकांकडचे आपले नातेवाईक? लग्नाला तर कुणी आलं नव्हतं." तो खुर्चीकडे बघून हसला.

उदाहरणांत आधी हेमिस्फिअर, म्हणजे गोलार्ध. मग हेमिप्लेजिया. 'प्लेजी' म्हणजे तडाखा. अर्ध्या अंगाला बसलेला. दवाखान्याच्या कागदावर हाच शब्द होता. तिने अक्षरं तपासली, बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेली. आत काही हललं नाही. पूर्वी तिची भुवई जरा हलली तरी तो 'काय झालं' म्हणून पिच्छा पुरवायचा. आता इथे, त्याच्या डावीकडे, चेहरा चपलेसारखा काढून ठेवता येई.

लेक हात धुऊन आली आणि आईच्या खुर्चीला रेलून उभी राहिली.

"बाबा," तिने हाक मारली. तो उजवीकडे शोधू लागला. "बाबा. इकडे. बाबा."

तिसऱ्या हाकेला त्याची मान जड दारासारखी सावकाश वळली, मध्यापर्यंत आली, मध्य ओलांडून पलीकडे गेली.

"इथे आहेस होय तू."

लेकीवरून त्याची नजर आणखी पुढे सरकू लागली. आईने मुद्रिताचा कागद उचलून तोंडासमोर धरला. थोड्या वेळाने चमच्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

लेकीने कागदाची कड खाली ओढली.

"आई, व्यायामाच्या ताईंनी तुलाच सांगितलं होतं ना, या बाजूला बसून बाबा बघेपर्यंत हाका मारायच्या? मग तू का नाही मारत?"