दस्त्याचं माप

मुक्बिल सुताराने दोरीचं एक टोक हिजामच्या कोपराच्या खोबणीत दाबून धरलं आणि दुसरं त्याच्या तर्जनीपर्यंत ताणलं. बोटाचं पेर बंदुकीच्या घोड्यावर वळतं तिथे गाठ मारली. बंदूक ज्याची, त्याचा हात मोजूनच तिचा लाकडी दस्ता कापायचा, हा डोंगरातला रिवाज.

पण ही बंदूक हिजामची नव्हती. तुर्की फौजेच्या काळातली, पलीकडच्या गावच्या सिनानची. पाणवठ्याच्या वाटेवर हिजामने सिनानला गोळी घातली तेव्हा ही बंदूक दरीत पडून दस्ता फुटला होता. इतक्या वर्षांनी आता समेट ठरला होता. शुक्रवारी पंचांसमोर हिजामने बंदूक धड करून सिनानच्या आईपुढे धरायची. तिने घेतली की वैर संपलं. नाही घेतली, तर हिजामच्या मुलांना सुडाच्या भीतीने पुन्हा घरात कोंडून घ्यावं लागणार होतं.

"मेलेल्याचा हात कुठून आणू, उस्ता? माझाच धर," हिजाम म्हणाला. "माझ्याएवढाच होता तो. अंधार होता, पण आडदांड गडी चाल करून येतोय एवढं दिसत होतं."

"त्याची आई तर म्हणते, पोर होतं."

"आईला काय, मुलगा म्हातारा झाला तरी पोरच वाटतो! पंचांनीही तेच सांगितलं. बंदूक खांद्याला लावता आली की तो गडीच."

मुक्बिलने दोरी गुंडाळून ठेवली. पोरावर गोळी चालवणाऱ्याची काळिमा कुठल्याच समेटाने धुतली जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

लाकूड बोरीचं होतं. रंधा फिरला की दुकानात वास सुटे तो मयताला न्हाऊ घालतात त्या बोरीच्या पाल्याचा. लोखंड नीट बसावं म्हणून मुक्बिल बंदुकीच्या लोखंडाला काजळी फासून ते लाकडात दाबायचा, काळं उमटेल तिथे पटाशीने खरवडायचा. खाचा बसत आल्या तेव्हा एक डाग भलतीकडेच उमटला. लोखंड पोचत नाही तिथे, नेम धरताना गाल टेकतो त्या जागी. डाग गोल होता, गुळगुळीत. मुक्बिलने आपली दाट दाढी चाचपली. डागात एका केसाचीही रेघ नव्हती. त्याने तो खरवडला. नमाज पढून परतला तर डाग पुन्हा तिथेच. मुक्बिलला आता मनातून भीती वाटली. बिस्मिल्ला म्हणत त्याने सगळा दस्ता घासला आणि तेलाने पुन्हा पुन्हा पुसला.

शेवटी दोरी लावून पाहिली. दस्ता चार बोटं आखूड भरला. करवत लावण्यापूर्वी याच दोरीने खूण केली होती. कापलेला तुकडा त्याने भुशात शोधला. चार बोटांचा तुकडा काही मिळाला नाही. दुसरं सुकं लाकूड नव्हतं आणि उद्या शुक्रवार होता.

पंचांसमोर हिजामने बंदूक दोन्ही तळहातांवर धरली. सिनानची आई वरदा, चणीने लहान, वाकलेली, पुढे आली. तिने दस्त्यावरून हात फिरवला. मग त्याचं टोक आपल्या कोपराच्या खोबणीत टेकवलं. तिची तर्जनी बरोबर घोड्यावर आली.

"दर ईदला माझ्या हाताला हात लावून मोजायचा," ती म्हणाली. "शेवटच्या ईदला नुकती बरोबरी झाली होती. उस्ता, हे माप कुणी दिलं तुला?"

"हिजामचा हात मोजला, अम्मा," मुक्बिल म्हणाला.

वरदाने बंदूक हिजामकडे सरकवली.

"लाव खांद्याला."

"अम्मा, कशाला आता..."

"माझ्याएवढाच होता, असं पंचांना सांगत आलास ना? लाव."

हिजामने दस्ता खांद्याला टेकवला. कोपर बरगड्यांत रुतलं, मान आखडली, अंगठा नाकावर आपटला. जत्रेतलं खेळणं हाती धरलेल्या माणसासारखा तो दिसत होता. एरवी गावकरी पोट धरून हसले असते. थोरल्या पंचाने मान खाली घातली.

"बघितलंस, केवढा होता?" वरदा म्हणाली.

तिने बंदूक त्याच्या हातातून घेतली आणि छातीशी धरून वाटेला लागली. वैर मिटलं, असं आता पंचांनी मोठ्याने म्हणायचं असतं. कुणीच म्हणेना. सगळे हिजामच्या तोंडाकडे बघत होते. दाढीच्या वर, गालाच्या हाडावर, काजळीचा गोल डाग उमटला होता, आणि तो बाहीने पुसत होता.